लेकरू मागं पडेल का, म्हणून विचारलंत

दादा, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला. काल उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात खोडून टाकलं. आज लेकरू झोपल्यावर परत बसलोय.

तुम्ही परभणीहून विचारलंत ते असं: मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीतलं म्युनिक नाही तर नेदरलँड्समधलं आइंडहोवेन, दोन्हीकडं नोकरीची बोलणी चालू आहेत. तिकडं पहिलीच्या आधी अक्षरओळखसुद्धा करून देत नाहीत म्हणे, मग लेकरू मागं पडेल का? आणि निघेपर्यंतचे सात-आठ महिने त्याला परभणीतल्या नावाजलेल्या इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घालावं का? चाळीस हजार मागताहेत. नाही तर तो जिंतूरला तुमच्या आईकडं राहील.

व्हिसा, ब्लू कार्ड, पगाराची अट, यातलं मी काही लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे, दर वर्षी बदलतं आणि माझी माहिती 2019 ची. एकटेपणाबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ टाकलीय. असतो. पहिला हिवाळा वाईट जातो, दुसरा कमी वाईट. बूट चांगले घ्या. पुढं जाऊ.

मी अहमदपूर तालुक्यातला. दहावीपर्यंत गावात, अकरावी-बारावी लातूरला कॉटबेसिसवर, मग पुणे, मग चाकण. एप्रिल 2019 मध्ये आम्ही जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला आलो तेव्हा आमचा मुलगा सव्वातीन वर्षांचा होता, जवळपास तुमच्या लेकराएवढाच. नोकरी बायकोला लागली होती, मला नाही. मला पुढं अकरा महिने लागले. गावाकडं सांगितलं होतं की पुण्याच्या कंपनीचंच काम घरून करतोय. काही नातेवाइकांना आजही तेच माहीत आहे. तेव्हा लेकराला सोडणं, आणणं, त्याच्या शिक्षिकांशी मोडक्या भाषेत बोलणं हे सगळं मी केलं. म्हणून हे उत्तर मी लिहितोय. आमच्या घरात यातलं बायकोपेक्षा मला जास्त कळतं, हे तिलाही मान्य आहे.

तर पहिली गोष्ट जागेची. जर्मनीत तीन वर्षांवरच्या मुलाला 1996 पासून आणि एक वर्षावरच्या मुलाला ऑगस्ट 2013 पासून बालवाडीच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. तिला इकडं किटा म्हणतात. हे वाचून मी आलो आणि आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऐटीत अर्ज केला. हक्क होता, जागा नव्हती. शिक्षिकाच पुरेशा नाहीत, म्हणून खोली असून वर्ग बंद, असा प्रकार. एप्रिलचा अर्ज, जागा मिळाली सप्टेंबरात. सहा ठिकाणी नाव घातलं होतं. दर महिन्याला फोन करायचा आणि तेच उत्तर ऐकायचं. लातूरला पाण्याची रेल्वे येत होती ना 2016 मध्ये, मिरजेहून, तेव्हा टँकरच्या नंबराला लागायचं ते दिवस आठवले.

आणि कागद. इथं जरा थांबतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लेकराच्या जन्मदाखल्यात लेकराचं नावच नव्हतं. दवाखान्यातून नोंद लगेच गेली, बारसं नंतर झालं, नावाचा रकाना रिकामा तो रिकामाच. पासपोर्ट निघाला, कुणी हटकलं नाही. इकडच्या कार्यालयात बाई दाखला उलटा करून, सुलटा करून बघतेय आणि विचारतेय, हा कुणाचा दाखला आहे? मेहुण्यानं नाव चढवण्यासाठी पालिकेत सात हेलपाटे घातले. नंतर भाषांतर, तेही शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच. परदेशात कागद खरा धरावा म्हणून मारतात तो अपोस्टिलचा शिक्का मारून आणला होता, तर कळलं की भारतातला तो शिक्का जर्मनी धरत नाही. पैसे पाण्यात.

दुसरं, पासपोर्टवर आपण नावाच्या रकान्यात लेकराचं आणि बापाचं अशी दोन्ही नावं घालतो. इकडं ती दोन्ही त्याचीच नावं झाली. किटात प्रत्येक मुलाला जाकीट अडकवायला एक हुक असतो, त्यावर नाव आणि एखादं चित्र. माझ्या लेकराच्या हुकावर गोगलगाय आणि खाली दोन नावं, त्याचं आणि माझं. पहिले दोन महिने त्याला कुणी हाक मारली की माझंही नाव यायचं. त्यानं वाळू उधळली की दोघांनाही रागवायचे.

तिसरं, लसीकरणाचं कार्ड. 1 मार्च 2020 पासून इकडं गोवराची लस दाखवल्याशिवाय किटात मूल घेत नाहीत. आमचं माता आणि बाल संरक्षण कार्ड सिस्टरनं बॉलपेननं भरलेलं, अर्धं मराठीत, चहाचा डाग पडलेलं. डॉक्टरला तारखा लागेनात. शेवटी त्यानं परत टोचली. तुम्ही निघायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी दुसरं लिहून घ्या. सिस्टर कुरकुर करेल. बसून राहा.

आता किटा. पहिल्याच दिवशी लेकराला आत ढकलून दार लावून घेतील, ते रडेल, आठवड्यात गप होईल, अशी माझी तयारी होती. आपल्याकडं असंच असतं. इकडं रुळवण्याची एक ठरलेली रीत आहे, तिला आइनगेव्योनुंग म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी बर्लिनमध्ये तयार झालेल्या पद्धतीनं ती करतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाप लेकराबरोबर खोलीत बसून राहतो. नुसता बसतो. खेळ घ्यायचा नाही, शिकवायचं नाही, लेकराला ‘जा ना तिकडं’ म्हणायचं नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटांसाठी बाहेर जायचं. लेकरू रडलं आणि शिक्षिकेकडून शांत झालं तर ठीक, नाही झालं तर परत आत येऊन बसायचं. आणि तो चौथा दिवस सोमवारी आला तर मंगळवारी करायचं, कारण शनिवार-रविवार घरी राहून आलेल्या लेकराला सोमवारी सोडू नये. इतका बारीक विचार.

मी त्या खोलीत गुडघ्याएवढ्या खुर्चीवर एकोणीस दिवस बसलो. बाकीच्यांचं आठ-दहा दिवसांत होतं म्हणे. चाकणला माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. इथं मी भिंतीला टेकून, पायात घरातले सपाते घालून, चार वर्षांच्या पोरीनं आणून दिलेला प्लास्टिकचा कप तोंडाला लावून ‘मस्त झालाय चहा’ म्हणत होतो. तेही मराठीत. माझ्या लेकरानं माझी पॅंट सोडली नाही.

त्या एकोणीस दिवसांत मी जे पाहिलं तेच तुम्ही विचारताय. किटात काही शिकवत नाहीत. म्हणजे आपण ज्याला शिकवणं म्हणतो ते नाही. फळा नाही, वही नाही, भिंतीवर अक्षरांचा तक्ता नाही. ऑक्टोबरात झाडाखाली पडलेली चेस्टनटची फळं गोळा करायची, मोजायची, त्यांना काड्या टोचून जनावरं करायची. पाऊस असला तरी बाहेर, रबरी विजारी चढवून चिखलात. तीन वर्षांच्या पोराच्या हातात खरी सुरी आणि काकडी. जेवल्यावर ताटली ज्यानं त्यानं उचलायची. भांडण झालं की शिक्षिका गुडघ्यावर बसून दोघांचं ऐकून घेते, निकाल देत नाही. नोव्हेंबरच्या 11 तारखेला सेंट मार्टिनच्या दिवशी हातानं केलेले कंदील घेऊन अंधारात फेरी. महिन्याचा अभ्यासक्रम विचारला तर शिक्षिकेनं मला हिवाळ्यात लागणाऱ्या कपड्यांची यादी दिली.

मला राग यायचा. लातूरच्या खोलीत भिंतीला आवर्त सारणी चिकटवून झोपलेला माणूस मी. रोजची चाचणी, आठवड्याची चाचणी, निकालाची यादी दारावर. चुलतभावाची पोरगी गावातून रोज जीपनं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जाते, साडेतीन वर्षांची असताना फोनवर शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवायची. माझं लेकरू फोनवर चेस्टनट दाखवायचं. तेही न बोलता.

कारण ते बोलतच नव्हतं. हे मी अर्ध्यात खोडलेल्या उत्तरात लिहिलं नव्हतं. किटात आमचं लेकरू सहा महिने एक शब्द बोललं नाही. शिक्षिका म्हणाली, काळजी करू नका, ऐकतोय तो, घरी मराठीच बोला, भरपूर बोला, एक भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधारानं येते. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन त्याच्याशी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागलो. रात्री जेवण झालं की दार लावून ए बी सी डी, वन टू थ्री. भारतातून अंकलिपी मागवली होती. तीही. त्याच्या वाटणीला चार वर्षांच्या आत तीन भाषा, दोन लिप्या आणि एक घाबरलेला बाप आला. पुढं ते घरीही कमी बोलायला लागलं. मग मार्च 2020 मध्ये किटा बंद झाल्या, नुकतं दोन-चार शब्द बोलायला लागलेलं लेकरू तीन महिने घरात. त्याचं खापर मी करोनावर फोडतो. लोकांना पटतं.

आता माझ्या आईबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

माझी आई आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. मारुतीच्या देवळामागची एक खोली, पत्रे, पुढं लिंबाचं झाड. पटावर अडतीस लेकरं, आई आणि एक मदतनीस. वजनकाटा, वाढीचे तक्ते, खिचडीचं पातेलं, गरोदर बायांच्या याद्या, पल्स पोलिओ, निवडणुकीच्या याद्यासुद्धा. पगार नाही, मानधन. तेही चार-चार महिने यायचं नाही. या एकात्मिक बालविकास योजनेचं काम देशात 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालं. खेळणी अशी आलीच नाहीत कधी गावापर्यंत. तिच्याकडं चिंचोके होते, सागरगोटे होते, बाटल्यांची झाकणं होती आणि सुगी झाली की चिपाडाच्या बैलगाड्या. चिंचोके मोजायचे, अर्धे काळे अर्धे पांढरे वेगळे करायचे, गोल मांडायचा. गाणी. कोण कुणाला ढकलतं, कोण डबा लपवतं, हे तिला ध्यानात असायचं. अक्षरं ती शेवटच्या सहा महिन्यांत, तीही वाळूत बोटानं.

मला त्याची लाज वाटायची. बारावीच्या सुट्टीत मी गावाकडं आलो आणि माझ्या पैशानं रंग आणून त्या खोलीच्या भिंतीवर ए फॉर ॲपल रंगवलं. आईनं काही म्हटलं नाही. सरपंचानं माझा सत्कार केला. दोन-तीन वर्षांत कॉन्व्हेंटच्या जिपा गावात यायला लागल्या आणि पटावरची पोरं अडतीसची एकवीस झाली. तेव्हा धाकट्या बहिणीला मीच सांगितलं की भाच्याला आईच्या अंगणवाडीत घालू नको, वर्ष वाया जाईल.

आल्यानंतर त्या पाच रिकाम्या महिन्यांत मी वाचत बसायचो. किंडरगार्टन हा शब्द इकडचाच. थ्युरिंगियातल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात फ्रीडरिश फ्र्योबेलनं 1840 मध्ये तो काढला. लोकरीचे चेंडू, लाकडाचा गोल, घन, दंडगोल, यांच्याशी खेळत लेकरू शिकतं असं त्याचं म्हणणं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्याच्या किंडरगार्टनवर बंदीच घातली, पुढच्या वर्षी तो वारला, बंदी उठली 1860 मध्ये. हे मी रविवारच्या फोनवर आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘लांब केसांचा ना? ट्रेनिंगला फोटू होता की त्याचा भिंतीवर. त्याच्याजवळ माँटेसरी, मग ताराबाई, मग अनुताई.’’ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, वस्तीतली लेकरं येईनात म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, शंख-शिंपले-बिया हेच साहित्य, आणि अनुताई वाघांनी ते काम पुढं कोसबाडला आयुष्यभर केलं. हे तिला तोंडपाठ. मी तिचा मुलगा आणि मला हे जर्मनीत वाचून कळलं.

असो. 2022 च्या सुरुवातीला शाळेचा प्रश्न आला. इकडं शाळा सहाव्या वर्षी, आमचं लेकरू सप्टेंबरात सहा वर्षं आठ महिन्यांचं होणार होतं. शाळेत घालायच्या आधी आरोग्य खात्याकडून तपासणी असते, आणि जर्मनीतल्या आमच्या राज्यात शाळेतली एक शिक्षिका किटात येऊन मुलांना बघून जाते. ती म्हणाली, मुलगा हुशार आहे, आकडे छान समजतात, पण गटात तो अजून काठावर उभा राहतो, भाषा कमी पडतेय, एक वर्ष थांबवू या, तयारीच्या वर्गात बसू दे.

एक वर्ष थांबवू या! दादा, तुम्ही परभणीचे आहात, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. लातूरला ज्याचं एक वर्ष गेलं त्याला आम्ही नावानं नाही, रिपीटर म्हणूनच ओळखायचो. माझ्या लेकराला सहाव्या वर्षी रिपीटर करताहेत, तेही आपल्या रंगाचा आहे म्हणून, असं माझ्या डोक्यात बसलं. रंगाचं खोटंच होतं असं मी आजही म्हणत नाही. पण त्याच गटातल्या दोन जर्मन पोरांनाही थांबवलं होतं आणि त्यांचे आईबाप खूश होते, वर्षभर अजून खेळेल म्हणून. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी आईला फोन केला. तिनं आपल्या बाजूनं बोलावं म्हणून. ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे की मग एक वर्स. कुठं गाडी चुकायलीय?’’ आणि मग तिनं कोप्यावरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांवरच्या लेकरांचं सांगितलं. आमच्या गावाच्या तांड्यावरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लेकरं बरोबर. आई पटावर त्यांच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ लिहायची आणि पाडव्याच्या पुढं-मागं ती परत आली की खोडायची. ती म्हणाली, ‘‘कोप्यावरनं आलेली लेकरं महिना महिना गप ऱ्हातेत. त्यांना इचारायचं नसतं. ज्या दिवशी आपल्या मनानं काही तरी मागितलं, त्या दिवशी ते आलं समजायचं. तुझं तर साता समुद्रापार गेलंय.’’

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, ‘‘तुझ्या अंगणवाडीतली किती पोरं कलेक्टर झाली?’’

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. ती म्हणाली, ‘‘ठेवते, दूध उतू जाईल.’’ पुढच्या रविवारी नेहमीसारखा फोन, जेवलास का, थंडी आहे का. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

मी लढलो. बायकोच्या ऑफिसातल्या एका माणसाकडून तीन पानी पत्र लिहून घेतलं, बालरोगतज्ज्ञाकडून दुसरं. शाळेत चार वेळा गेलो. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाली, तुमचा इतका आग्रह असेल तर येऊ दे. सप्टेंबरात त्याच्याएवढी उंच, खाऊ नि पेन्सिलींनी भरलेली कागदाची नळकांडी घेऊन, जी इकडं पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला देतात, तो शाळेत गेला. फोटोत मी हसतोय आणि तो नळकांड्यामागं दिसतच नाही.

मी जिंकलो, आणि तेच आता खुपतंय. हरलो असतो तर जर्मनांना शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पहिली त्यानं रडत काढली. रोज सकाळी पोट दुखायचं. दुसरीत वाचायला लागला, गणितात वर्गात पुढं. आज चौथीत आहे, मागं वगैरे काही पडलेला नाही. पण शिक्षिका मागच्या भेटीत म्हणाली, उत्तर येत असलं तरी हात वर करायच्या आधी तो आजूबाजूला बघतो. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं विचारलं तर एकच नाव सांगतो. आता फेब्रुवारीत शाळेचं शिफारसपत्र मिळेल, विद्यापीठाकडं नेणाऱ्या गिम्नासियम शाळेला जावं की दुसऱ्या शाळेला. दहा वर्षांच्या लेकराची अशी वाटणी करतात ते मला पटत नाही, त्यावर वेगळं भांडता येईल. पण ते एक वर्ष त्याला दिलं असतं तर हात वर करताना त्यानं बाजूला बघितलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही.

एक गोष्ट राहिली. 2023 च्या मे महिन्यात आम्ही गावाकडं गेलो. आईनं त्याला काही विचारलं नाही. नाव सांग, गाणं म्हण, जर्मन बोलून दाखव, काही नाही. लिंबाखाली चिपाडं घेऊन बसली आणि आपली आपली गाडी करत राहिली. तीन दिवस तो लांबून बघत होता. चौथ्या दिवशी तिच्याजवळ जाऊन बसला आणि मराठीत म्हणाला, ‘‘आजी, चाक निघतंय.’’ मी दारात उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, आई, चहा टाक.

आता तुमच्या दोन गावांचं. देश बदलला की शाळेचं वय बदलतं, हे लक्षात घ्या, नाही तर ‘मागं’ म्हणजे कुणाच्या मागं तेच कळत नाही. नेदरलँड्समध्ये लेकरू चौथ्या वाढदिवसापासून शाळेत जातं, वर्षाच्या मध्यातही. सक्ती पाचव्या वर्षापासून. म्हणजे आइंडहोवेन झालं तर तुमचं लेकरू उतरल्या उतरल्या शाळेतच. पण घाबरू नका, पहिली दोन वर्षं खेळच, वाचन तिसऱ्या गटात, साधारण सहाव्या वर्षी. तिथं नांदेडचा माझा मित्र आहे, त्याची पोरगी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गेली, तो म्हणतो जर्मनांएवढं रुळवणं-बिळवणं तिथं नाही. इंग्लंडमध्ये चार पूर्ण झाले की येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, आणि लगेच ध्वनी-अक्षरं. फ्रान्सनं 2019 पासून तिसऱ्या वर्षीच शिक्षण सक्तीचं केलंय. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी, त्याआधीचं एक तयारीचं वर्ष 2015 पासून सक्तीचं, आणि तीनच्या वरच्या सात लेकरांमागं एक मोठं माणूस. सातामागं एक! आईला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. आणि आपल्याकडं 2020 च्या धोरणात कागदावर तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा आहे, खेळातून शिक्षण, पहिली सहा पूर्ण झाल्यावर. धोरण फिनलंडच्या शेजारचं आणि परभणीतल्या नर्सरीत साडेतीन वर्षांच्या लेकराची मुलाखत.

म्युनिक झालं तर जागेसाठी अर्ज पत्ता मिळाल्या दिवशी टाका आणि तुमच्या दोघांपैकी एकाची तीन-चार आठवड्यांची रजा रुळवण्यासाठी बाजूला ठेवा. नवीन कंपनीत हे आधीच बोलून घ्या, त्यांना त्यात नवल वाटत नाही. अधूनमधून शिक्षिका कमी म्हणून किटा दुपारीच बंद होते, कधी संप असतो. 2022 मध्ये इकडच्या शिक्षिका संपावर होत्या तेव्हा इतर पालकांबरोबर मीही वैतागलो होतो. पुढच्या वर्षी डिसेंबरात आपल्याकडच्या सेविका मानधनासाठी राज्यभर संपावर गेल्या, आई तेव्हा रिटायर झाली होती तरी मोर्चाला गेली. तेव्हा मला वैताग आला नाही, एवढंच.

घरात मराठी बोला. मी केलं ते करू नका. लेकरू गप राहिलं तर राहू द्या आणि कुणी वर्षभर थांबवा म्हणालं तर आधी घरी या, पाणी प्या, मग ठरवा. थांबवाच असं मी म्हणत नाही. मला खरंच माहीत नाही.

नर्सरीच्या फीची शेवटची तारीख 15 म्हणालात. भरू नका. ते सात महिने जिंतूरला तुमच्या आईकडं जाऊ द्या, आणि तिथल्या अंगणवाडीत पटावर नाव घाला, लसीकरणाचं कार्डही तिकडच्याच आरोग्य केंद्रातून नीट करून घ्या. बाकी काही करायच्या आधी आज कपाटातून जन्मदाखला काढा आणि लेकराच्या नावाचा रकाना भरलेला आहे का बघा. रिकामा असला तर मला कळवा, पालिकेत काय काय मागतात ते मेहुण्याला विचारून सांगतो.